खिशातले तीन फ्यूज

कामाला हात लावण्याआधी आप्पा खांबाजवळच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपटायचे आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे. चिनी मातीचे ते जाड ठोकळे. खिसा लोंबायचा, शर्ट एका खांद्यावरून ओढला जायचा, आणि त्याच खिशात तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि नाक पुसायचं फडकं असं सगळं एकत्र नांदत असायचं. काम संपलं की फ्यूज बाहेर काढायचे, त्यांवरची तंबाखूची भुकटी फुंकायची आणि परत जागेवर बसवायचे.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "आप्पा, खाली ठेवा की ते. इथं आपल्या दोघांशिवाय कोण आहे?"

"कोण न्हाय ते तू बघितलंस व्हय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लाइट गेलीय, मोटर बंद आहे, वायर नवीच आहे, साहेब ऑफिसात नाहीत, कुणी काहीही सांगो, आप्पांचा प्रश्न तोच. एकदा एका शेतकऱ्यानं "देवाशपथ बंद हाय" असं सांगितलं, तर म्हणाले, "देवानं बघितलंय व्हय? मग त्येला घाल की हात."

त्यांचं नाव सांगत नाही. निपाणीच्या आसपासच्या गावांत आप्पा वायरमन म्हटलं की पुरायचं. तुमच्याही भागात असा एक असेल: सर्टिफिकेट नाही, चष्म्याच्या एका काडीला तार गुंडाळलेली, आणि मोटर जळली की तालुक्याच्या इंजिनिअरआधी लोक ज्याच्या दारात जातात असा.

मला त्यांची किळस यायची. खोटं कशाला बोलू?

मी निपाणीत तंबाखूत वाढलो. आई विड्या वळायची, वडील वखारीत पोती उचलायचे. पांघरुणाला, भाकरीला, माझ्या वह्यांना एकच वास. बेळगावला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा पहिल्या सुट्टीत मी घरी आलो नाही, कारण वह्यांचा वास नुकता कुठं गेला होता. आमच्या घरात माझ्या आधी दहावीची पायरी कुणी ओलांडली नव्हती. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर झालो, फर्स्ट क्लासमध्ये, एकही विषय मागे न ठेवता. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

आणि एवढं शिकून मला बसावं लागलं ते आप्पांच्या मोपेडवर, मागच्या सीटवर. ते हायवेवर मान वळवून पिचकारी मारायचे आणि वारा ती आणून माझ्या चष्म्यावर ठेवायचा. मी रुमालानं काचा पुसत बसायचो. ते आरशात बघून म्हणायचे, "इंजिनेर, उजवीकडं सरकून बसावं माणसानं. वारं कुठनं हाय ते बघितलंस व्हय?"

आमचं दुकान मोटर-पंपांचं. मालकांनी तेव्हा मोबाईल स्टार्टर विकायला घेतले होते आणि ते बसवायला मला आणि आप्पांना जोडीनं पाठवायचे. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते हे तुम्हाला माहीत आहे. ती कधी येईल याची वाट बघत मळ्यात बसून राहायचं, हा आमच्याकडच्या माणसाचा अर्धा जन्म. त्यावर हा बॉक्स आला. आत सिमकार्ड. शेतकऱ्यानं घरून फोन लावायचा, एक आकडा दाबायचा, की बॉक्समधलं कॉइल लोखंडाला ओढतं आणि लोखंड पॉइंटवर पॉइंट आणून टेकवतं. मोटर सुरू. दुसरा आकडा दाबला की पॉइंट सुटतात. मोटर बंद.

शेवटी स्विच म्हणजे काय? धातूचे दोन तुकडे. ते भेटले की करंट जातो, लांब झाले की थांबतो. पूर्वी ते बोटानं भेटवायचे, आता कोल्हापुरात बसून फोननं भेटवायचे. बाकी सगळी सजावट.

हे मी आप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना फार आवडलं. "शाणा हाईस. आता ते तुकडे कशाचे हाईत ते बघ."

मग त्यांनी चुन्याच्या दुसऱ्या डबीतून जुन्या स्टार्टरचा एक पॉइंट काढला. तांब्याची पट्टी, आणि टोकाला चांदीचा टिकला, काळा पडलेला. मी खिशातून पॉलिश पेपर काढला तर माझ्या हातावर चापट मारली. "घासायचं न्हाय. चांदी काळी पडली तरी वाट देती. तांबं काळं पडलं की रुसून बसतंय. माझ्या बायकोच्या पैंजणात न्हवती रं एवढी चांदी ह्या पेट्यांत असायची." मग अंगठा थुंकीनं ओला करून त्यांनी तो टिकला पुसला आणि मला बघायला दिला. मी दोन बोटांच्या चिमटीत धरला. कॉलेजात चार वर्षं कंडक्टर शिकलो होतो. हातात घेतलेला पहिला पॉइंट असा थुंकीनं ओला होता.

फोन लावला की बॉक्समधली एक रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. मोटर सुरू आहे, मोटर बंद आहे, लाइट नाही. भाषा तीन: कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी नव्हतीच, त्यामुळं आमचे शेतकरी हिंदी लावून घ्यायचे. आप्पा कामाच्या वेळी मुद्दाम कन्नड लावायचे, कारण त्या बाईशी त्यांना भांडायचं असायचं. ती सांगायची मोटर बंद आहे, आणि आप्पा फोन तोंडासमोर धरून तिला विचारायचे, "नोडिदी एनव्वा?" म्हणजे बाई, तू बघितलंस व्हय? मळ्यातली माणसं पोट धरून हसायची. मीही हसायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला यंत्र कळत नाही.

खरं म्हणजे प्रश्न अगदी चोख होता. ती बाई काही बघत नव्हती. कॉइलला "सोड" असा निरोप गेला की ती "बंद" म्हणून मोकळी व्हायची. पॉइंट खरोखर सुटले की नाहीत हे तिला कुठून कळणार? हे मला सर्किट बघून पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी सर्किट बघितलं नव्हतं. मी माहितीपत्रक वाचलं होतं.

मालकांची एक कल्पना होती. प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर, झाकण आणि पेटी यांच्या सांध्यावरच, एक पांढरा स्टिकर लावायचा. त्यावर छापलेलं "टेस्टेड ओके" आणि खाली माझी सही. स्टिकर फाटला की वॉरंटी संपली. "इंजिनिअरची सही बघितली की गिऱ्हाईक निर्धास्त असतं," मालक म्हणाले. मी सही बदलून घेतली. नावाच्या शेपटाला बी.ई. जोडलं. एका दुपारी बसून गठ्ठेच्या गठ्ठे सह्या करून टाकायचो, आणि दुकानातला माणूस ते बॉक्सवर चिकटवत जायचा. टेस्ट? बॉक्स कंपनीतून टेस्ट होऊनच येतात, असं मालक म्हणाले होते.

एक स्टिकर मी घरी नेला. आईला वाचता येत नाही. तिनं तो कपाटाच्या आरशावर चिकटवला.

मग एका गावाहून एक बॉक्स परत आला. जळालेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, फरशी नुकतीच पुसलेली होती. आप्पांनी काउंटरवरच तो उघडला, पॉइंटची पट्टी स्क्रूमधून सोडवली आणि खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं. फ्यूजच्या खालोखाल त्यांचा जीव त्या चुंबकावर.

"मालक, ही पट्टी तांब्याची म्हणालासा न्हवं?"

"कंपनीची आहे आप्पा. चांदीचा पॉइंट, तांब्याची पट्टी. पत्रकात आहे की."

"बघितलासा व्हय?"

आणि त्यांनी दोरा खाली सोडला. टिक. चुंबक पट्टीला चिकटलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही, पितळेला नाही, चांदीला नाही. हे सातवीच्या पुस्तकात असतं. लोखंडाच्या पट्टीवर तांब्याच्या रंगाचं पाणी दिलेलं होतं, आणि टिकल्यात चांदी नावालाही नव्हती.

आप्पा थुंकले. तिथंच, पुसलेल्या फरशीवर, लक्ष्मीच्या फोटोखाली.

मालक खवळले. "आप्पा! दुकान आहे हे! सकाळी पूजा झालीय! लाज आहे का नाही?" आतून त्यांची बायको आली, नाकाला पदर लावून. शेजारचा दुकानदार डोकावला. पोतं आणा, फिनेल आणा, म्हाताऱ्यांना काही रीत नाही. दहा मिनिटं त्या थुंकीवरून गोंधळ चालला. पट्टी काउंटरवर तशीच पडून होती, चुंबक तिला लटकलेलं. आणि मी? मी पोतं आणायला धावलो. मीही थुंकीकडंच बघत होतो. मला खरोखर आप्पांचीच शिसारी आली होती.

गोंधळ संपला तेव्हा मालकांनी पट्टी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चुंबक आप्पांना परत दिलं. "एखादा पीस असतो खराब," म्हणाले. "काय सर?"

"असतो," मी म्हणालो.

त्यानंतरची बोरगावची गोष्ट. तिथं एका आक्काचा मळा आहे. नवरा कोल्हापुरात फाउंड्रीत कामाला. तो तिथून फोन लावून मोटर सुरू करायचा आणि आक्का इथं सरीला पाणी पाजायची. "मोटर मालकाच्या हातात आन् चिखूल माझ्या," असं ती नवऱ्यावरून म्हणायची. मोटर पाणी उचलत नाही म्हणून आम्हाला बोलावलं होतं.

फ्यूजची पेटी दोन बांध पलीकडं, खांबाजवळ. आप्पा नेहमीप्रमाणे तिकडं निघाले. मला घाई होती. मी तिथूनच आक्काच्या नवऱ्याला फोन केला. "मोटर बंद करा." त्यानं केली. त्यानं खात्रीसाठी मला त्या बाईचा आवाजही ऐकवला. मोटर बंद है. आणि मोटर खरोखर गप्प होती. आवाज नाही, थरथर नाही. मी गुडघ्यावर बसलो, मोटरीच्या वायरींवरचं झाकण खोललं.

बांधावरून आप्पा ओरडत होते. "हात घालू नगो! आरं ए!" मी वर बघितलं सुद्धा नाही. मला वाटलं, आता पुन्हा ते खिशाचं नाटक. बोटं आत जाणार, इतक्यात माझ्या मनगटावर असा फटका बसला की पाना चिखलात उडाला. आणि दुसरा गालावर. इंजिनिअर झाल्यापासून मला कुणी मारलेलं नव्हतं. आक्काच्या समोर. मी उठून काहीतरी वाईट बोलणार होतो.

आप्पा धापा टाकत होते. त्यांच्या तोंडातून तंबाखूचा ओघळ हनुवटीवर आला होता. त्यांनी पिशवीतून टेस्टिंगचा बल्ब काढला, दोन वायरी लोंबणारा. एक वायर जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला, दुसरी मोटरीच्या टोकाला.

बल्ब लखकन पेटला.

"आगं बाई!" आक्का म्हणाली. "बंद हाय म्हणाली की ती!"

तीन पॉइंटांपैकी एकच चिकटून राहिला होता. दोन सुटले, म्हणून मोटर थांबली. एक वितळून जोडला गेला होता, म्हणून मोटरीच्या अंगात करंट होता. आवाज न करणारा. तांब्याच्या जागी लोखंड, चांदीच्या जागी काहीच नाही, मग तो तापणार, वितळणार, चिकटणार. सोपं आहे. सेकंड इयरला मला यावर दहा मार्कांचा प्रश्न होता आणि मला त्यात नऊ मिळाले होते.

"सकाळी मी हिच्यावर हात ठिवून पाणी वतलंय," आक्का हळूच म्हणाली. ती चिखलात अनवाणी उभी होती.

आप्पांनी जाऊन फ्यूज काढून आणले, खिशात टाकले. मग स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढं धरला. "उघड बॉक्स. आत काय घातलंय ते हिला दाव. मग एकेक मळ्यात जाऊ आन् सगळ्यास्नी दावू."

बॉक्सवर पांढरा स्टिकर होता. माझी सही. बी.ई.

फोनच्या स्पीकरवर नवरा अजून होताच. "आप्पा, सीलला हात लावू नका! वॉरंटी जाईल. कंपनीचा दुसरा बॉक्स आणून लावा म्हणजे झालं."

"मालकांना विचारतो," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता थुंकतील. थुंकले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हीच फाडा ना मग," मी चिडून म्हणालो. "एवढं आहे तर."

"मी न्हाय फाडणार." त्यांनी हनुवटी बाहीनं पुसली. "तुझी आई आमच्याच गल्लीत विड्या वळत बसायची. तुला मांडीवर घिऊन वळायची. तिच्या पोराची सही हाय ती, मी फाडू? तुझी हाय, तूच फाड."

मी फाडली नाही. दुसऱ्या दिवशी मी आक्काला बदली बॉक्स नेऊन बसवला. त्यावरही माझीच सही होती. त्याच सकाळी केलेली.

यापुढचं लिहिताना मला स्वतःचा जो तिटकारा येतो त्यापुढं आप्पांची पिचकारी अत्तर म्हणावी. मी मालकांना सांगितलं. हो, सांगितलं. त्यांनी दार लोटलं, चहा मागवला, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "सर, आप्पा जुने झाले. नव्या टेक्नॉलॉजीला भितात. तुम्ही शिकलेले आहात. पुढचा लॉट चांगला मागवू." त्यांनी मला सर म्हटलं, आणि मी तो चहा प्यालो. वर्षभरापूर्वी आईनं विड्या वळणं सोडून सूप उतरंडीवर ठेवून दिलं होतं, माझ्या नोकरीच्या भरवशावर. ते कारण मी स्वतःला रोज सांगायचो. पुढचा लॉट आला. मी चुंबक लावून बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं. सह्या करत राहिलो. त्या दिवसांत मला भूक चांगली लागायची.

आप्पांनी दुकानाची पायरी चढायची बंद केली.

अधूनमधून कानावर यायचं. आप्पा मोपेडच्या मागं लाकडी पेट्या बांधून मळ्यामळ्यांतून हिंडतायत. एक शेतकरी तर भांडायलाच आला. "तुमचा म्हातारा आमच्या नव्या बॉक्सपुढं भंगार ठोकून गेलाय. फुकट हाय म्हणून ठोकू दिलं, पण दिसायला कसं दिसतंय?"

मालकांनी लगेच विचारलं, "सील फोडलं?"

"न्हाय. सीलला बोट लावलं न्हाय."

मालकांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. दोघांचा एकदमच आला.

दिवाळीनंतर आप्पा गेले. करंट लागून नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल तर आत्ताच सांगतो. छातीत जुना कफ होता, तो वाढला. मी मातीला गेलो आणि मागं उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर फ्लेक्स लागला. "आमच्या परिवाराचा आधारवड हरपला." वर मालकांचा फोटो, गॉगल लावलेला, हात जोडलेले. खाली त्याच्या निम्म्या आकाराचे आप्पा. दुकानाच्या पूजेच्या ग्रुप फोटोतून कापलेले. कडेला माझा अर्धा खांदाही आला होता. फोटो जरा वेगळा वाटला म्हणून मी जवळ गेलो. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर सफाई केली होती. गालातला तंबाखूचा फुगा काढून टाकला होता. शर्ट पांढराशुभ्र. आणि खिसा सपाट. एकदम सपाट, इस्त्री केल्यासारखा.

इतके दिवस त्या माणसाची मला किळस आली, आणि आता तो धुऊन पुसून समोर होता तर बघवत नव्हता.

घरी गेलो. तोंड धुऊन आरशासमोर उभा राहिलो. माझ्या चेहऱ्याशेजारी स्टिकर. टेस्टेड ओके.

"काय बघालास?" आईनं विचारलं.

"आई, हे खोटं आहे. मी काही बघितलं नव्हतं."

तिला सगळं कळलं की नाही, माहीत नाही. "आप्पा आलता एकदा," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल काय वंगाळ बोलला न्हाय. च्या पिऊन गेला." मग उठून तिनं नखानं तो स्टिकर खरवडायला घेतला. तो निघता निघेना.

सकाळी मी मालकांना सांगितलं की माझ्या सहीचे सगळे बॉक्स मी उघडणार आहे.

"कोणाला विचारून?"

"सही माझी आहे."

"मग उद्यापासून येऊ नका."

"आजपासूनच येत नाही."

हे मी ताठ मानेनं सांगितलं, पण त्यात शौर्य काही नव्हतं. उशीर होता नुसता.

मी आप्पांच्या घरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? घरातला जुना रेडिओ फोडला, त्याच्या स्पीकरचं चुंबक काढलं, दोरा बांधला. पहिला मळा निपाणीला लागूनचा. मोटरीच्या खोलीत शिरलो आणि थांबलो.

बॉक्सच्या आधी, भिंतीवर, एक लाकडी पेटी ठोकलेली होती. पुढं काच. फोटो फ्रेमची असावी, कोपऱ्यात देवाच्या चित्राचा कागद चिकटून राहिला होता. काचेआड जुना हँडलचा स्विच, तीन तांब्याच्या पात्यांचा, बाजूनं लाकडी मूठ बाहेर काढलेली. मूठ वर केली की पाती खोबणीत बसायची. खाली पाडली की तिन्ही पाती खोबणीतून बाहेर लोंबायची आणि मध्ये चार बोटं मोकळी हवा. असले स्विच बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारींत असायचे. मला वासावरून कळलं. वडील ज्या वखारीत पोती उचलायचे तिथं भिंतीवर असलाच एक होता आणि त्याला हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्ला होता.

"हे कुणी?" मी उगाच विचारलं.

"आप्पानं. आन् कोण? भंगारातनं वेचून आणायचा. चिंच लावून घासायचा," शेतकरी म्हणाला. "म्हणाला, फोनवर ऐकायचं आन् हितं बघायचं. फट दिसल्याबिगर मोटरीला शिवायचं न्हाय."

दुसऱ्या मळ्यात तीच पेटी. तिसऱ्यात तीच. माझ्या सहीचे जेवढे बॉक्स, तेवढ्या पेट्या. कुठं काच फुटकी, कुठं फळी सागाची, कुठं खोक्याची. छातीत कफ असलेला माणूस मोपेडवर एवढं हिंडला, भंगार ठोकतो म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि एकाही ठिकाणी माझ्या सहीला त्यानं नख लावलं नव्हतं.

मी प्रत्येक ठिकाणी स्टिकर फाडला, चुंबक लावून दाखवलं, कोपऱ्यात पडलेला शेतकऱ्याचा जुना स्टार्टर पुन्हा जोडून दिला. कुणी धन्यवाद दिले नाहीत. कशाला देतील? दोघा-तिघांनी शिव्या दिल्या. एक म्हणाला, "इंजिनेर म्हणून सांगायला लाज वाटत न्हाई?" वाटते, म्हणालो.

सगळ्यात शेवटी बोरगाव. मुद्दामच शेवटी.

आक्का बांधावर वैरण कापत होती. मला बघून उठली नाही. मी खांबाजवळ गेलो, फ्यूज उपटले, खिशात टाकले आणि आलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड असतात. शर्ट एका बाजूला ओढला जातो, मान आपोआप वाकडी होते.

"तुमचाबी खिसा लोंबाय लागला म्हणायचा," आक्का म्हणाली. "लई येळ लावलासा."

तिनं नवऱ्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मागं फाउंड्रीचा खडखडाट. "सर, सील फाडताय म्हणं? अहो वॉरंटी हाय अजून! तुमचीच तर सही हाय त्येच्यावर!"

"माझीच आहे," मी म्हणालो. "सही करताना मी आत बघितलं नव्हतं. एकाही बॉक्समध्ये बघितलं नव्हतं."

मी फोन आक्काला दिला आणि स्टिकर फाडला. एका ओढीत निघाला नाही, तुकडे तुकडे झाले. बी.ई. शेवटपर्यंत चिकटून होतं, ते नखानं काढलं. पट्टी सोडवली, दोरा सोडला. टिक. आक्कानं वाकून बघितलं. आणि ती थुंकली. तोंडात तंबाखू नव्हती, तरी थुंकली.

मग मी सांगायच्या आधीच तिनं भिंतीवरच्या लाकडी पेटीची मूठ धरून खाली पाडली. मी काचेला तोंड लावून आत बघितलं. पेटीची मागची फळी आप्पांनी चुन्यानं पांढरी केली होती, फट लांबून दिसावी म्हणून. चुना डबीतला असावा. तीन पाती खाली लोंबत होती, वर खोबणी रिकामी, मध्ये पांढरी फट, आणि तिच्या कडेला तंबाखूनं पिवळा झालेला एक अंगठा चुन्यात उठलेला.

मी ती फट नीट बघितली. मग मोटरीला हात लावला.